प्रमाण आणि प्रमाणपत्र

नागपूरकडील एका भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आमच्या हाती आले. त्यांची कन्या एका संगणक-कंपनीत आठ वर्षे ‘बिझनेस ॲनालिस्ट’, म्हणजे व्यवसाय-विश्लेषक, म्हणून काम करीत आहे. पगार बरा आहे, वरिष्ठांची मर्जी आहे. घरी सासू-सासरे व एक लहान मूल आहे. आता ती म्हणते की, ह्या कामाची एक आंतरराष्ट्रीय परीक्षा असते, ती मला द्यावयाची आहे. त्यासाठी सहा महिने संध्याकाळचा वेळ मोकळा हवा. “आठ वर्षे काम केल्यावर पुन्हा परीक्षा कशासाठी? आणि हा खर्च व हा वेळ घराने सोसावा काय?” असे भगिनींनी विचारले आहे.

हा प्रश्न २०२१ साली आमच्याच घरात उभा राहिला होता. त्या वेळी आम्ही त्याचे उत्तर चुकीचे दिले आणि त्या उत्तराची किंमत दुसऱ्यास भरावी लागली. तेव्हा आज जे लिहितो आहोत, ते भगिनींस उत्तर म्हणून जितके आहे, तितकेच आमच्या चुकीची कबुली म्हणूनही आहे, असे वाचकांनी समजावे.

प्रथम हे काम काय आहे, ते सांगणे अवश्य आहे. डॉक्टर काय करतो, वकील काय करतो, हे घरातील आजीसही ठाऊक असते. परंतु व्यवसाय-विश्लेषक दिवसभर काय करतो, हे त्याच्या घरच्या माणसांसही बहुधा सांगता येत नाही. आमची सून ह्या व्यवसायात शिरून कित्येक वर्षे लोटली तरी, कोणी विचारल्यास ‘ती संगणकावर काही करते’ एवढेच आम्ही सांगत असू. आमचे डोळे उघडले ते पाण्याच्या एका टाकीमुळे.

एका उन्हाळ्यात आमच्या गच्चीवरील टाकीचे पाणी दुपारी बाराच्या आतच संपू लागले, आणि पुन्हा चढवावे तर खालच्या हौदातही पाणी नसे. आम्ही घरातील वडील ह्या नात्याने निर्णय दिला की, वरची टाकी लहान पडते, मोठी बसवावी; आणि प्लंबरास बोलावून भावही विचारला. सूनबाईने विरोध केला नाही. ती फक्त प्रश्न विचारीत गेली. पाणी केव्हापासून पुरेनासे झाले? घरात माणसे वाढली काय? मोटार कोण लावते, कोण बंद करते? धुणेभांडी करणाऱ्या बाईंसही तिने विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “पहाटे मी येते तेव्हा मागच्या गटारात वरून धो धो पाणी पडत असते.” उलगडा झाला. पूर्वी मोटार चिरंजीव लावीत. त्यांस कामानिमित्त परगावी राहावे लागू लागल्यापासून ती आम्ही लावीत होतो, आणि पहाटे पाचास ती सुरू करून पूजेस बसल्यावर आम्हांस तिची शुद्ध राहत नसे! टाकी भरून हौदातील उरलेले पाणी गटारात जात होते. मोठ्या टाकीचा बेत रहित झाला. टाकी भरताच वाजणारी एक स्वस्त घंटा बसविली आणि प्रश्न मिटला.

मोठ्या व्यवहारात विश्लेषकाचे काम हेच. बँक म्हणते, कर्जाचे अर्ज लवकर निकालात निघावेत म्हणून नवी संगणक-प्रणाली हवी. विश्लेषक विचारतो, अर्ज आज थांबतो कोठे? तो एका सहीसाठी चार दिवस टेबलावर पडून राहत असेल, तर लाखो रुपयांची प्रणाली आणल्यावरही ते चार दिवस चारच राहतील. मागणारा ‘उपाय’ मागत असतो. त्यामागील ‘गरज’ शोधून काढणे, ती संबंधितांकडून मान्य करून घेणे, आणि जो उपाय योजला त्याने ती खरोखर भागली काय हे पाहणे, हा ह्या धंद्याचा गाभा होय.

आता प्रमाणपत्राकडे वळू. हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यातील ‘प्रमाण’ ह्या पदाकडे सहसा लक्ष देत नाही. न्यायशास्त्रात यथार्थ ज्ञानास प्रमा म्हणतात आणि तिच्या साधनास प्रमाण. नैयायिकांनी प्रमाणे चार मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. सूनबाई आपल्या कामात कुशल आहे हे आम्हांस टाकीच्या प्रकरणात प्रत्यक्ष कळले. तिच्या कचेरीतील मंडळींसही ते प्रत्यक्षच कळते. त्यांस प्रमाणपत्राची गरज नाही. परंतु उद्या तिला दुसरीकडे जावयाचे झाले, तर तेथील मालकाने तिचे काम पाहिलेले नसते. त्यास शब्दप्रमाणावाचून गती नाही. आणि शब्द प्रमाण ठरतो केव्हा? तो आप्ताचा असेल तेव्हा; म्हणजे ज्यास विषय यथार्थ ठाऊक आहे आणि जो तो यथार्थ सांगतो, अशाचा असेल तेव्हा. म्हणून कोणत्याही प्रमाणपत्राविषयी विचारावयाचे ते हे की, ते देणारा आप्त आहे काय, आणि तो कशाच्या आधारावर बोलतो?

ह्या क्षेत्रात सर्वत्र नाव असलेली संस्था म्हणजे इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस ॲनालिसिस. ती २००३ साली कॅनडातील टोरांटो येथे निघाली. हे काम करणारे लोक त्यापूर्वीही होते; परंतु एकाच कामास ठिकठिकाणी निरनिराळी नावे होती, आणि ज्यास सर्वांनी मान द्यावा असा ग्रंथ नव्हता. संस्थेने तो रचावयास घेतला. त्याची दुसरी आवृत्ती २००९ साली व तिसरी २०१५ साली प्रसिद्ध झाली; व्यवसायातील मंडळी त्यास ‘बाबॉक’ म्हणतात. सूनबाईची प्रत आम्ही कुतूहलाने चाळली. आरंभी सहा मूलकल्पना सांगितल्या आहेत: परिवर्तन, गरज, उपाय, संबंधित व्यक्ती, मूल्य आणि परिस्थिती. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष व समवाय हे वैशेषिकांचे सहा पदार्थ ज्याने लहानपणी पाठ केले आहेत, त्यास ही मांडणी परकी वाटणार नाही. पुढे सहा ज्ञानक्षेत्रे येतात: कामाची आखणी व देखरेख, माहिती काढून घेणे व सहकार्य राखणे, गरजांचा आरंभापासून अखेरपर्यंत सांभाळ, धोरणाचे विश्लेषण, गरजांची चिकित्सा व उपायाची रचना, आणि उपाय अमलात आल्यावर त्याची पारख. ह्या सहांत मिळून तीस कामे वर्णिली आहेत, आणि ती करण्याची पन्नास तंत्रे दिली आहेत.

ह्या संस्थेची वरिष्ठ परीक्षा ‘सर्टिफाइड बिझनेस ॲनालिसिस प्रोफेशनल’, संक्षेपाने सीबीएपी. ती २००६ सालापासून चालू आहे. तिची एक गोष्ट आम्हां मास्तरांस विशेष वाटली. आपल्याकडे परीक्षा आधी आणि काम मागाहून. येथे काम आधी आणि परीक्षा मागाहून. अर्ज करण्यापूर्वीच्या दहा वर्षांत निदान ७,५०० तास विश्लेषणाचे काम झालेले असावे लागते. तेही एकाच कोपऱ्यात चालत नाही; सहांपैकी चार क्षेत्रांत प्रत्येकी निदान ९०० तास हवेत. त्याशिवाय गेल्या चार वर्षांत ३५ तासांचे शिक्षण, आपले काम जाणणाऱ्या दोघांचे शिफारसपत्र, आणि आचारनियमांस लेखी मान्यता. काही अर्ज संस्था निवडून काढते आणि त्यांतील मजकुराची पडताळणी करते. म्हणजे ह्या शब्दप्रमाणाच्या पायाशी कोणाचे तरी प्रत्यक्ष ठेवलेले आहे. ही व्यवस्था आम्हांस शहाणपणाची वाटते.

हे सारे आज आम्ही गोडीने लिहितो. २०२१ साली मात्र आम्हांस ते ऐकावयाचेही नव्हते. त्याचे कारण जुने आहे. आम्ही मॅट्रिक. आमचे संस्कृत गावच्या एका शास्त्रीबुवांच्या ओसरीवर झाले; पदवीच्या वाटेस जाणे घरच्या परिस्थितीमुळे जमले नाही. पुढे ज्या शाळेत आम्ही एकतीस वर्षे शिकविले, तेथे दहावीच्या वर्गाचे संस्कृत आमच्या वाट्यास एकदाही आले नाही. कारण आमच्यापाशी कागद नव्हता. त्याच वर्गातील मुले संध्याकाळी आमच्या घरी येऊन संधी व समास समजावून घेत, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत उत्तरे देत. ह्या गोष्टीचा सल आम्ही कोणास बोलून दाखविला नाही. परंतु ‘प्रमाणपत्र’ हा शब्द निघाला की तोंड कडू होई.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर एके दिवशी सूनबाई अर्जाची गोष्ट घेऊन आमच्याकडे आली. ती म्हणाली, “बाबा, तासांचा हिशेब आता बसतो आहे. डिसेंबरात अर्ज करावा म्हणते.” आम्ही म्हणालो, “ज्याला येते त्याला कागद कशाला हवा? आणखी एक वर्ष जाऊ दे. घराची घडी बसू दे, मग पाहू.” ‘आता’ ह्या शब्दावर तिने जोर दिला होता, तो आमच्या कानांवरून गेला. ती काही बोलली नाही. वडिलांच्या शब्दापुढे पुन्हा बोलणे तिच्या स्वभावात नाही. आणि घरात ज्याच्या शब्दास वजन असते, त्याने तो अधिक जपून टाकावा, हे आम्हांस त्या वेळी सुचले नाही.

पुढे २०२३ च्या जानेवारीत तिने तो हिशेब एका कागदावर मांडून आमच्यापुढे ठेवला, तेव्हा आमच्या सल्ल्याचा अर्थ आम्हांस समजला. तो हिशेब असा. २०१२ ते २०१५ ही चार वर्षे तिने केवळ हेच काम केले. वर्षास १,५०० तास धरून ६,००० तास झाले. २०१६ ते २०१८ ही तीन वर्षे शून्य. प्रथम नातवाचा जन्म. मग आमच्या कुटुंबाचे दीर्घ दुखणे. औषधांच्या वेळा, पथ्यपाणी, रात्रीची जागरणे हे सर्व सूनबाईने पाहिले. २०१८ च्या कार्तिकात आमचे कुटुंब गेले. २०१९ पासून सूनबाई पुन्हा कामावर जाऊ लागली, पण वाट्यास आलेले निम्मे काम निराळेच असे. म्हणून विश्लेषणाचे तास वर्षास ७०० च भरत. तीन वर्षांचे २,१००. म्हणजे २०२१ च्या अखेरीस ८,१०० तास तिच्या गाठीस होते. हवे होते त्याहून ६०० अधिक.

ती आमच्या शब्दाखातर एक वर्ष थांबली. त्या वर्षात दहा वर्षांची चौकट एक घर पुढे सरकली. २०१२ चे १,५०० तास बाहेर गेले आणि आत नवे ७०० आले. राहिले ७,३००, दोनशे कमी! पुढे तिला पूर्ण वेळ विश्लेषणाचे काम मिळाले आणि ती वर्षास १,६०० तास भरू लागली. परंतु मागच्या बाजूने दर वर्षी १,५०० गळतच होते. वर्षभर राबावे आणि हिशेबात भर पडावी ती शंभर तासांची. २०२३ अखेर ७,४००. २०२४ अखेर ७,५००. एका शब्दापायी तीन वर्षे गेली. एक तोटी हौद भरते, दुसरी रिकामा करते, तर हौद किती वेळात भरेल, ही गणिते आम्ही जन्मभर मुलांस घातली. आपल्या घरातील हौद मात्र आम्हांस ओळखता आला नाही.

येथे कोणी म्हणेल की, दोष संस्थेच्या नियमाचा आहे. तसे आम्हांस वाटत नाही. दहा वर्षांपूर्वीची कार्यपद्धती आज जुनी होते. तेव्हा कोठेतरी रेघ ओढावी लागणारच. परंतु तीच रेघ पुरुषाच्या आणि स्त्रीच्या आयुष्यात सारखी पडत नाही, हे मात्र खरे. आमच्या चिरंजीवांच्या नोकरीत त्या तीन वर्षांत एक दिवसाचाही खंड पडला नाही. दुखणे त्यांच्या मातेचे होते, आणि खंड पडला तो सुनेच्या नोकरीत. ह्यात कोणी कोणास बळजबरी केली नाही. आपल्या घरांत ते असेच होत आले, म्हणून झाले. ज्या घराने आपल्या गरजेसाठी एखादीचे तास घेतले, त्या घराने तिची संधी आली असता ‘एक वर्ष थांब’ असे म्हणणे कितपत न्याय्य आहे, ह्याचा विचार ज्याचा त्याने करावा. आमचा विचार उशिरा झाला.

अखेर २०२५ साली ती परीक्षेस बसली. सहा महिने रोज सात ते नऊ तिच्या खोलीचे दार लोटलेले असे. चिरंजीव पोळ्या लाटावयास शिकले. पहिल्या पोळ्यांचे आकार भूगोलाच्या तासास उपयोगी पडले असते. नातवाचा अभ्यास आम्ही घेतला. परीक्षेत साडेतीन तासांत १२० प्रश्न असतात. प्रत्येकास चार पर्याय, त्यांतील एक निवडावयाचा. हे ऐकून आम्ही प्रथम नाक मुरडले. पण तिच्या सरावाच्या पुस्तकातील काही प्रश्न सोडवून पाहिले, तेव्हा नाक सरळ झाले. एक प्रसंग वर्णन केलेला असतो, आणि पुढे प्रश्न असा की, विश्लेषकाने आता प्रथम काय करावे? चारही पर्याय बहुधा चांगलेच असतात. चूक असते ती क्रमाची. गरज समजण्यापूर्वी उपाय लिहावयास बसला, की गुण गेला. टाकीच्या प्रकरणात आम्ही ह्याच प्रश्नात नापास झालो होतो.

निकालाच्या दिवशी आम्ही सवयीने विचारले, “गुण किती?” ती हसून म्हणाली, “बाबा, ते गुण सांगत नाहीत. उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच सांगतात. मी उत्तीर्ण.” देवापुढे साखर ठेवून आम्ही तो विषय संपविला, परंतु त्या रात्री शास्त्रीबुवांच्या ओसरीची आठवण आमच्या मनातून गेली नाही.

आता ह्या परीक्षेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नाहीतर आम्ही एका टोकावरून दुसऱ्या टोकास गेलो असे होईल. चार पर्यायांतून एक निवडणाऱ्यास, धुणेभांडी करणाऱ्या बाईंशी आदराने बोलून त्यांच्याकडून खरी गोष्ट काढून घेता येईल काय, हे त्या कागदावरून कळत नाही. आपल्याकडे पेशवाईत पुण्यास श्रावणमासी दक्षिणेसाठी विद्वानांची परीक्षा होई, ती समोरासमोर. ब्रिटनमध्ये १९५७ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीने आपल्या विश्लेषण-पदविकेत अशीच रीत ठेवली आहे. तेथे घटक-परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर उमेदवारास परीक्षकांपुढे बसून तोंडी उत्तरे द्यावी लागतात. अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट २०१४ पासून ह्याच विषयाचे निराळे प्रमाणपत्र देते. त्यासही पूर्वानुभव लागतो. ज्यास ज्या देशात व ज्या धंद्यात जावयाचे, तेथे कोणाच्या शब्दास मान आहे, हे पाहून निवड करावी.

दुसरे असे की, हे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. नोंदणीवाचून वैद्यकी करता येत नाही, सनदेवाचून वकिली करता येत नाही. व्यवसाय-विश्लेषकास मात्र कायद्याने असा कोणताच कागद लागत नाही. पुष्कळ उत्तम विश्लेषक ह्याविना काम करीत आहेत. शिवाय एकदा मिळविले आणि चौकटीत घालून भिंतीस लाविले, असेही नाही. दर तीन वर्षांनी ६० एककांचा अभ्यास व अनुभव दाखवून ते नवे करावे लागते. शुल्क डॉलरमध्ये भरावयाचे असते, हेही घरखर्च पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

जी मुले नुकती पदवी घेऊन बाहेर पडली आहेत, त्यांच्यासाठी ह्याच संस्थेची ईसीबीए नावाची प्रवेश-परीक्षा आहे. तिला अनुभवाचे तास लागत नाहीत. ती जरूर द्यावी. पण तिने नोकरी हटकून मिळेल असे सांगून भरमसाट शुल्क घेणाऱ्या वर्गांपासून आईबापांनी सावध राहावे. परिभाषा पाठ झाली म्हणजे काम आले असे होत नाही. कोश पाठ करणारा कवी होतोच असे नाही.

नागपूरच्या भगिनींस आमचे सांगणे असे. आपल्या कन्येस आज रात्रीच तासांचा हिशेब करावयास सांगावे, आणि ‘मग पाहू’ हे शब्द कृपा करून उच्चारू नयेत. हिशेब बसत असेल, तर सहा महिन्यांच्या संध्याकाळी घराने वाटून घ्याव्यात. आजोबांनी अभ्यास घ्यावा, जावयांनी कणीक मळावी. बसत नसेल, तर कोणत्या क्षेत्राचे तास कमी आहेत ते पाहून तसे काम तिने कचेरीत मागून घ्यावे. आणि तिला ही परीक्षा द्यावयाचीच नसेल, तर तोही तिचाच निर्णय असावा.

आमची एक पुतणी ह्याच वर्षी ह्या व्यवसायात लागली. पेढे घेऊन आली, तेव्हा आम्ही तिला एक जाड वही दिली. तीत पाच रकाने आम्हीच पट्टीने आखले आहेत: तारीख, काम, क्षेत्र, तास, आणि ते काम ज्याने पाहिले त्याचे नाव. ती म्हणाली, “काका, हे सगळे संगणकावरही ठेवता येते.” आम्ही म्हणालो, “संगणकावर ठेव, पण पहिल्या दिवसापासून ठेव.” पहिल्या पानावर श्रीकार आम्ही घातला आहे, दुसऱ्या पानापासून तिने भरावयास आरंभ केला, असे परवाच कळले.